नाथसागर आणि पैठण : पक्षी आणि प्राचीन नगरी पाहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पैठणला नाथांच्या दर्शनाला येणारे धरणाच्या भिंतीवरून एक नजर टाकून परततात, आणि पक्षी पाहायला येणारे गावात पाऊलही न टाकता थेट पाण्याकडे जातात. दोघांचेही निम्मे पाहायचे राहून जाते. इथे पाणी, पक्षी आणि जुनी वस्ती ही तिन्ही गोदावरीनेच बांधलेली आहेत, म्हणून उत्तरे एकत्रच दिली आहेत.

नाथसागर, जायकवाडी आणि पैठणचे धरण हे एकच का?

एकच. धरणामागच्या जलाशयाचे नाव नाथसागर, प्रकल्पाचे नाव जायकवाडी, आणि धरण पैठणला. जायकवाडी हे गाव खरे तर बीड जिल्ह्यातले. धरणाचा पहिला विचार तिथे झाला होता. पुढे जागा वरच्या अंगाला पैठणला सरकली आणि नाव तेच राहिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. मातीचे धरण आहे, जवळपास दहा किलोमीटर लांब, २७ दरवाज्यांचे. छत्रपती संभाजीनगर शहर पिण्याचे पाणी इथूनच नेते.

जलाशय आणि त्याचा काठ मिळून सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा भाग १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अभयारण्य म्हटल्यावर दाट झाडी डोळ्यांसमोर येत असेल तर ती बाजूला ठेवा. इथे सपाट काळी जमीन, बाभळी, उघडा काठ आणि नजर पोहोचेल तिथवर पाणी आहे.

यायला सर्वांत चांगला काळ कोणता?

नोव्हेंबर ते मार्च हे सरळ उत्तर. पण या प्रश्नाला महिन्यापेक्षा पाण्याची पातळी जास्त नेमके उत्तर देते, आणि हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

नाथसागर पसरट आहे, खोल नाही. दोन्ही काठांची जमीन इतक्या हलक्या उताराची की पाणी थोडे खाली गेले तरी रुंदच्या रुंद पट्टा उघडा पडतो. या ओल्या गाळात किडे, शिंपले, गोगलगायी, पाणवनस्पतींचे कंद आणि बी असते. चिखलपायांना, म्हणजे चिखलात चालत चरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना, आणि बदकांना हवा असतो तो हा पट्टा. त्यामुळे धरण काठोकाठ भरल्याची बातमी शेतकऱ्याला आणि शहराला आनंदाची असली, तरी त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पक्षी पांगलेले असतात. गोदावरीच्या वरच्या अंगापर्यंत, ओढ्यांच्या तोंडापर्यंत पाणी गेलेले असते आणि उथळ जागा शोधायला पक्ष्यांनाही फिरावे लागते. डिसेंबर-जानेवारीत कालव्यांना पाणी सुटले, पातळी उतरू लागली, की काठ भरू लागतो.

ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी हे सगळे लवकर घडते. फेब्रुवारीत बेटे वर येतात, पक्षी दाटीने एका जागी दिसतात. पाहणाऱ्याला ते सोपे जाते, पण पक्ष्यांसाठी ते वर्ष चांगले असतेच असे नाही.

पातळी घरबसल्या कशी कळेल?

जलसंपदा विभाग रोजचा पाणीसाठा जाहीर करतो आणि मराठवाड्यातली वर्तमानपत्रे तो छापतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. छापला जाणारा टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. त्याखाली सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो. म्हणजे ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ असे वाचले तरी तळे कोरडे पडलेले नसते. मधोमध पाणी आणि भोवती मैलोन्‌मैल गाळ असतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तशी पाळी आली होती.

ढोबळ अंदाज असा : नव्वदच्या वर टक्का असेल तर भटकंती जास्त, पक्षी विरळ. साठ-सत्तरपर्यंत उतरला की काठावर बसून निवांत पाहता येते.

पक्षी नेमके कुठे दिसतात? एखादा ठरलेला मनोरा किंवा जागा आहे का?

एका जागेवर विसंबू नका. धरणाची भिंत आणि दरवाज्यांचा भाग सुरक्षेखाली येतो. तिथे मनासारखे थांबता येत नाही आणि पाणीही तिथे सर्वांत खोल, त्यामुळे पाणकावळे आणि सुरय सोडले तर फार काही हाती लागत नाही. खरी मजा पैठणच्या पश्चिमेला, जलाशयाच्या काठच्या गावांकडे जाणाऱ्या शेतरस्त्यांवर आहे. दुसरा चांगला भाग वरच्या टोकाला, कायगाव टोक्याजवळ, प्रवरा गोदावरीला मिळते तिथे. अहिल्यानगर-संभाजीनगर रस्ता तिथे नदी ओलांडतो. पुलावर गाडी थांबवू नका, वाहतूक जोराची असते. खाली घाटाकडे उतरा.

वाट शेतातून जात असेल तर शेतमालकाला विचारूनच पुढे व्हा. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते; हरभरा, गहू, कलिंगडे लावतात. पाहुण्याने ‘पक्षी बघायला आलोय’ म्हटले तर बहुतेक जण स्वतःच सांगतात, आज सकाळी थवा कुठे उतरला होता ते. ती माहिती कोणत्याही नकाशापेक्षा ताजी असते.

कोणकोणते पक्षी दिसतील?

इथल्या पक्ष्यांची नोंद दोनशे जातींच्या घरात जाते. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही, पण पहिल्यांदा येणाऱ्याला हिवाळ्यातल्या एका सकाळी साधारण काय भेटते ते सांगतो.

उघड्या पाण्यावर काळे ठिपके शेकड्यांनी दिसले तर ते चांदवे, म्हणजे वारकरी. कपाळावर पांढरा टिळा. त्यांच्यात मिसळलेली लांब टोकदार शेपटीची तलवार बदके आणि फावड्यासारख्या चोचीचे थापटे. लालसर-केशरी डोक्याची मोठी लालसरी लांबूनही ओळखू येते. काठाशी जोडीने उभी असलेली नारिंगी बदके म्हणजे चक्रवाक. त्यांची ओरड घशातली आणि दूरवर जाणारी. आपल्याकडेच राहणारे हळदी-कुंकू बदक चोचीच्या रंगावरून कुणालाही पहिल्या दिवशी ओळखता येते, म्हणून मुलांना आधी तेच दाखवा.

चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, तुतवार, मालगुजा. उथळ पाण्यात चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, आणि चोच डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकणारे चमचे. वर आकाशात दलदली भोवत्या घिरट्या घालू लागला की सगळा काठ एकदम उठतो. असे झाले तर भोवत्याकडे पाहू नका, उठलेल्या थव्याकडे पाहा. कोण कोण होते ते त्या अर्ध्या मिनिटात कळते.

हिमालय ओलांडून येणारे हंस इथे येतात, हे खरे का?

खरे. त्यांना पट्टकादंब म्हणतात. लडाख, तिबेट आणि मंगोलियाच्या उंच सरोवरांवर त्यांची वीण होते आणि हिवाळ्यात ते दख्खनपर्यंत उतरतात. उपग्रह-यंत्रे लावून केलेल्या अभ्यासांत हिमालय ओलांडताना त्यांनी सात हजार मीटरच्या आसपास उंची गाठल्याचे नोंदले गेले आहे.

नाथसागरावर त्यांना शोधायची युक्ती वेळेची आहे. रात्री आणि पहाटे ते हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरतात. उन्हे वर आली की पाण्याकाठी येऊन विसावतात. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास काठावर बसून राहा, ते रानाकडून तुमच्या डोक्यावरून येतात. आधी आवाज येतो, नाकातून काढल्यासारखा, एकमेकांना उत्तर देत. मग राखी अंगाचे पक्षी वाकड्या रांगेत दिसू लागतात. उतरल्यावर दुर्बिणीतून डोके पाहा : पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे, वरचा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत गेलेला, खालचा आखूड. चोच आणि पाय पिवळे. विसावताना थव्यातले एखाददोन मान ताठ ठेवून उभे असतात. त्यांनी मान वर करून तुमच्याकडे रोखून पाहिले म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ आलात. तिथेच थांबा.

फ्लेमिंगो नक्की दिसतील ना?

नक्की असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रोहित, म्हणजेच अग्निपंख, नाथसागरावर येतात, पण त्यांचे सगळे गणित उथळ पाण्यावर आहे. ते पायाने चिखल ढवळतात, मान खाली सोडून चोच उलटी पाण्यात धरतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत चोचीतल्या गाळणीतून शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. पाणी त्यांच्या पायांपेक्षा खोल असेल तर हे जमत नाही. त्यामुळे भरलेल्या धरणाच्या वर्षी ते उशिरा येतात, कमी येतात, किंवा उजनीसारख्या दुसऱ्या जलाशयावर थांबतात. फेब्रुवारीपासून पुढे, पातळी बरीच उतरल्यावर, शक्यता वाढते.

गुलाबीऐवजी मळकट राखी-पांढरे दिसले तर निराश होऊ नका, ती पिल्ले असतात. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

केवळ फ्लेमिंगोसाठी येणाऱ्याला नाथसागर निराश करू शकतो. आमचे मत विचाराल तर इथला मानाचा पक्षी पट्टकादंबच.

होडीतून जवळ जाता येईल का?

काठावर भोई-कहार समाजातल्या मच्छीमारांच्या होड्या आणि तराफे दिसतील. ती त्यांच्या पोटाची साधने आहेत. अभयारण्यात नौकाविहारासाठी वन विभागाची परवानगी असल्याशिवाय कुणालाही पैसे देऊन पाण्यात उतरू नका. परवानगी असली तरी विसावलेल्या थव्यात होडी घालणे म्हणजे लांबचा पल्ला मारून आलेल्या पक्ष्याला पुन्हा उडायला लावणे. उन्हाळ्याकडे बेटांवर टिटव्या, सुरय आणि आर्ली जमिनीवरच अंडी घालतात. ती वाळूच्या रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. बेटावर उतरू नका.

काठावरच्या गाळाचीही काळजी घ्या. वरून तडकलेली कोरडी जमीन दिसते आणि आत गुडघाभर चिखल असतो. जनावरांची पायवाट असेल तिथूनच चाला.

दुर्बीण हवीच का? ड्रोन चालेल का?

दुर्बीण हवीच. पक्षी लांब असतात. मोबाइलमध्ये फक्त ठिपके येतात. ८x४२ ची साधी दुर्बीण पुरते. कुणाकडे तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर गटाने एक तरी आणा, रांगेने सर्वांना पाहता येते.

ड्रोन नको. अभयारण्य आणि धरण, दोन्हींवर परवानगीशिवाय उडवणे बेकायदा आहे, आणि पक्ष्यांना तो वरून येणारा शिकारीच वाटतो.

पैठणचा इतिहास किती जुना आहे?

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे लिहिले आहे, आणि तिथून गोमेदासारखे दगड गाड्या भरभरून बंदराकडे जात असल्याचेही. हे दगड आजही ओळखीचे आहेत. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो, खडक झिजला की नदी तो गोट्यांच्या रूपाने वाहून आणते. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या भूगोलकाराने पैठणची नोंद पुळुमावी राजाची राजधानी म्हणून केली आहे. त्याच्याच आजीने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात मुलाची थोरवी कोरून ठेवली : ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले असा तो गौतमीपुत्र सातकर्णी.

राजांपेक्षा मला पैठणचे सामान्य लोक जास्त जवळचे वाटतात, आणि त्यांची नावे सापडतात ती पैठणबाहेर. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. त्यात एक आहे प्रतिष्ठानचा मितदेव, गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात अत्तराचे दुकान होते आणि त्या दुकानदाराने डोंगरात खांब कोरायला पैसे दिले. पैठणहून जुन्नर, नाणेघाट, आणि खाली कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी व्यापारी वाट अशाच माणसांनी चालती ठेवली होती.

नंतरचे पैठणही तितकेच भरलेले आहे. ज्ञानेश्वर भावंडे शुद्धिपत्रासाठी इथल्या ब्रह्मवृंदासमोर उभी राहिली आणि रेड्यामुखी वेद बोलवल्याची कथा इथल्याच नागघाटाशी जोडलेली. चक्रधरस्वामींचा इथे मुक्काम झाला. आणि सोळाव्या शतकात एकनाथ, ज्यांच्या नावाने आज हा सागर ओळखला जातो.

मग प्राचीन नगरीचे आता दिसते काय?

मोठा किल्ला किंवा राजवाडा शोधाल तर काहीच नाही. प्राचीन प्रतिष्ठान विटा-मातीचे होते आणि आजच्या घरांच्या खाली आहे. नदीकाठी ‘पालथी नगरी’ म्हणतात तो टेकाडांचा भाग पाहा. निजामाच्या काळात, १९३० च्या दशकात, इथे पहिले मोठे उत्खनन झाले. १९९० च्या दशकात भारतीय आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी मिळून केलेल्या कामात सातवाहनांनंतरच्या काळातली विटांची मंदिरे उजेडात आली. पावसाळ्यानंतर मातीच्या कापातून खापरे डोकावतात. पाहा, फोटो काढा, उचलू नका. मणी, नाणे किंवा मूर्तीचा तुकडा खिशात घालणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय वस्तू जागेवरून हलली की ती कोणत्या थरातली, कोणत्या काळातली हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.

आधी वस्तुसंग्रहालय पाहा आणि मग टेकाडांवर जा. बाळासाहेब पाटील यांच्या नावाच्या शासकीय पुरातत्त्व संग्रहालयात पैठण परिसरातल्या जुन्या वस्तू आहेत. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, मणी आणि नाणी पाहिल्यावर टेकाडातली माती वेगळी दिसू लागते. तिथून तीर्थखांब, गावातला नाथांचा वाडा, आणि नदीकाठचे समाधिमंदिर चालत होण्यासारखे आहे.

धरणात बुडालेली गावे दिसतात का?

शंभरावर गावे या पाण्याखाली गेली. कडक दुष्काळात पाणी फार खाली गेले की काही ठिकाणी जुन्या देवळांचे चौथरे, घरांच्या जोत्यांचे दगड, विहिरींचे कठडे वर येतात. ते पाहायला जाणाऱ्यांना एकच विनंती आहे. काठावरच्या पुनर्वसित गावांत त्या घरांत जन्मलेली माणसे अजून आहेत. त्यांच्यासाठी ते सहलीचे ठिकाण नाही. कुणी आजोबा बरोबर आले आणि ‘इथे आमचा वाडा होता’ म्हणून दाखवू लागले तर ऐकून घ्या.

नेवासा, आपेगाव एकाच फेरीत जोडता येतील का?

येतील, आणि पक्ष्यांच्या जागांशी ते उत्तम जुळते. आपेगाव पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरीवर. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे गाव, आणि तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या काळातली, वस्ती सापडली. नेवासा प्रवरेच्या काठी. पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली ती जागा. त्याच नेवाशात ह. धी. सांकळिया यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननात अश्मयुगापासूनचे थर उघडले. ताम्रपाषाण काळात इथे लहान मुले दगावली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरत. अशाच एका बालकाबरोबर तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या दोऱ्यात कापसासोबत रेशमाचे तंतू होते, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. पैठणीच्या मुलखात रेशमाचा धागा इतका मागे जातो.

सोयीचा क्रम असा : पहाटे कायगाव टोक्याला पक्षी, तिथले सिद्धेश्वर मंदिर, मग नेवासा. मुक्काम संभाजीनगरला किंवा पैठणला. दुसऱ्या दिवशी पहाटे नाथसागरचा काठ, दुपारी पैठण गाव.

नाथषष्ठीला आलो तर दोन्ही होईल का?

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला लाखोंनी वारकरी येतात, दिंड्या रस्त्याने चालत असतात, अष्टमीला काला होतो. तो सोहळा त्याच्यासाठीच अनुभवावा. त्या तीन दिवसांत गाडी काठापर्यंत नेणे, शांत जागा मिळणे अवघड. पक्ष्यांसाठी यायचे तर आठवडाभर आधी या.

नदीच्या घाटावर स्नानाला उतरणार असाल तर आधी विचारा. पैठणचे घाट धरणाच्या खाली आहेत, त्यामुळे पात्रातले पाणी वरच्या विसर्गावर ठरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून इतके पाणी सोडावे लागले की गावाच्या सखल भागांत पूर शिरला. पावसाळ्यात भोंगा वाजला की काठ सोडा.

जलाशयावर सौर प्रकल्प येणार असे ऐकतो. पक्ष्यांचे काय?

नाथसागराच्या पाण्यावर तरंगत्या सौर पॅनेलचा मोठा प्रकल्प आखलेला आहे. मच्छीमारांच्या संघटनेने हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात हरकत घेतली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. स्वच्छ वीज हवी हे मान्य. पण पॅनेल कुठे बसतील, उथळ काठापासून किती लांब, बांधकाम कोणत्या महिन्यांत, यावर पक्ष्यांचे आणि जाळे टाकणाऱ्यांचे बरेच काही ठरणार आहे. म्हणून प्रत्येकाने आपल्या नोंदी तारीख, जागा आणि संख्या यांसह ई-बर्डसारख्या पक्षिनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर ठेवाव्यात, असा आमचा आग्रह आहे. पुढे कुणी विचारले की इथे काय होते, तर दाखवायला कागद हवा.

पोहोचायचे कसे? राहायचे कुठे?

संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर, बिडकीन-ढोरकीनमार्गे. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी दिवसभर मिळतात. पैठणला रेल्वे नाही. स्टेशन आणि विमानतळ संभाजीनगरचेच. पुण्याहून येणाऱ्यांना अहिल्यानगर-शेवगावमार्गे थेट पैठण गाठता येते. काठापर्यंत एसटी जात नाही, तेव्हा स्वतःचे वाहन नसेल तर पैठणहून रिक्षा आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा आणि पहाटे साडेपाचला निघायचे हे नीट पटवून द्या.

पैठणला धर्मशाळा, भक्तनिवास आणि साधी हॉटेले आहेत. ज्ञानेश्वर उद्यान पाहायचे असेल तर ते चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

पैठणी इथेच घ्यावी का?

हातमाग चालताना पाहायचा असेल तर नक्की इथल्या पैठणी केंद्रात जा. पदरावरचे मोर, हंस आणि मुनिया कारागीर धाग्याधाग्याने भरताना दिसतात, आणि एका दिवसात काम किती थोडे पुढे सरकते ते पाहिले की किंमत पटते. खरेदी करताना पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते. मागे सुटे लोंबणारे धागे असतील तर ती यंत्रमागाची.